देशोदेशीचा सुपरमॅन : रद्दीतून वाचलेला ठेवा

वाचकहो, नबील फौझी या गृहस्थाचे नाव आपण कधी ऐकले आहे काय? बहुधा नसेल. पण आपण त्याला चांगले ओळखतो. तो वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करतो, चष्मा लावतो आणि चारचौघांत बुजरा वाटतो. मात्र कुणावर संकट आले की आडोशाला जाऊन कपडे बदलतो आणि आकाशात झेप घेतो. होय, तोच तो सुपरमॅन! अमेरिकेत त्याचे रोजच्या व्यवहारातले नाव क्लार्क केंट. पण १९६४ साली लेबनॉनमधील बैरूत शहरातून त्याच्या चित्रकथा अरबी भाषेत निघू लागल्या, तेव्हा प्रकाशकांनी त्याचे नवे बारसे केले. अरबी मुलांसाठी क्लार्क केंट झाला नबील फौझी.

घराघरांतल्या मुलांना सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन ही मंडळी दूरदर्शनमुळे आणि चित्रपटांमुळे ठाऊक आहेत. पण या नायकांची जुनी पुस्तके, तीही अमेरिकेतली मूळ इंग्रजी नव्हेत तर इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, अरबी, जपानी अशा परभाषांतली, शोधून जपणारे लोक जगभर आहेत हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. कुणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग! मुलांनी वाचून फेकलेली पुस्तके कशाला गोळा करायची? आणि ज्या भाषेचे अक्षरही कळत नाही तिच्यातली? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की ध्यानात येते की हा छंद केवळ करमणुकीचा नाही. एखाद्या समाजाने आपल्या मुलांना काय वाचू दिले, काय वाचू दिले नाही आणि दुसऱ्याची गोष्ट आपलीशी करताना तिचे काय केले, याचा पुरावाच या रद्दीत दडलेला आहे.

एकशे तीस डॉलरचा सौदा

प्रथम थोडी मूळ हकीकत पाहू. जेरी सीगल आणि जो शूस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातले दोन तरुण मित्र. दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. एक कथा लिहीत असे, दुसरा चित्रे काढीत असे. त्यांनी कल्पिलेला सुपरमॅन जून १९३८ चा अंक म्हणून निघालेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या पुस्तकात झळकला. किंमत होती अवघी दहा सेंट. या सुपरमॅनचे सर्व हक्क दोघा मित्रांनी प्रकाशकाला १३० डॉलरला विकून टाकले होते. त्याच पहिल्या अंकाची एक चांगली राहिलेली प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरला गेली!

सुपरमॅन दुर्बळांच्या बाजूने उभा राहणारा नायक. १९४० साली एका अमेरिकन मासिकासाठी सीगल आणि शूस्टर यांनी दोन पानांची एक कथा केली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांनाही पकडून न्यायासनापुढे उभे करतो. हे जर्मनीत झोंबले. हिटलरच्या एसएस संघटनेच्या साप्ताहिकाने त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात सीगल यांच्या ज्यू असण्यावरून गरळ ओकली. कागदावरच्या एका चित्राने हुकूमशाहीला एवढे अस्वस्थ करावे, यातच चित्रकथेची ताकद दिसून येते.

पुढे हक्कांवरून प्रकाशकाशी वाद झाला आणि कित्येक वर्षे सुपरमॅनच्या पुस्तकांवर या दोघा निर्मात्यांची नावेच छापली जात नव्हती. दोघांचे उतारवय हलाखीत गेले. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीने त्यांना दरवर्षी प्रत्येकी वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन देण्याचे आणि कथेवर त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. म्हणजे मधल्या काळात ज्या देशांत सुपरमॅन गेला, तिथल्या मुलांनी तो वाचला, त्याच्यासारखे टॉवेल पाठीला बांधून उड्या मारल्या. पण त्याला जन्म देणाऱ्यांची नावे त्यांना कळली नाहीत. नावाची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

गावोगावचे बारसे

परभाषेतले अंक गोळा करणाऱ्याला पहिला आनंद मिळतो तो नावांचा. इटलीत मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९५४ पासून सुपरमॅन छापला तो 'नेंबो किड' या नावाने. 'नेंबो' म्हणजे वादळी ढग. आता नावच बदलले म्हटल्यावर छातीवरच्या इंग्रजी 'एस' अक्षराचे काय करायचे? इटालियन चित्रकारांनी ते चक्क पुसून टाकले! त्यामुळे त्या काळच्या इटालियन अंकांतला सुपरमॅन कोऱ्या छातीने उडताना दिसतो. १९६६ पर्यंत हे नाव टिकले. असा एखादा अंक हाती आला की संग्राहक प्रथम मुखपृष्ठावरची छाती पाहतात ते यासाठीच.

स्वीडनमध्ये सुपरमॅन झाला 'स्टोलमान्नेन', म्हणजे पोलादी माणूस. फिनलंडमध्येही त्याच्या नावाचा अर्थ तोच. बॅटमॅनला स्वीडिश लोकांनी 'लेदरलाप्पेन' म्हटले. हा वटवाघळासाठी तिथला जुना शब्द, आणि त्याचा शब्दशः अर्थ कातड्याचा तुकडा. नॉर्वेत मात्र तोच बॅटमॅन 'विजेचे पंख' या अर्थाच्या नावाने गेला. अरबीत बॅटमॅनला 'वतवात' म्हणतात. वटवाघळाशी कानाला किती जवळचा शब्द!

मेक्सिकोतील नोवारो या प्रकाशकाने तर बॅटमॅनच्या सगळ्या गोतावळ्याचे बारसे केले. ब्रूस वेन झाला ब्रूनो दियास, त्याचा साथीदार डिक ग्रेसन झाला रिकार्दो तापिया आणि खलनायक जोकर झाला 'ग्वासोन', म्हणजे टवाळ, मस्करी करणारा. हे अंक मेक्सिकोतून दक्षिण अमेरिकेतल्या इतर स्पॅनिश भाषिक देशांतही जात. आज त्या देशांतली माणसे चित्रपट पाहून आली तरी जोकरला ग्वासोनच म्हणतात. अनुवादकाने कचेरीत बसून शोधलेला एक शब्द असा कोट्यवधी लोकांच्या तोंडी कायमचा बसला.

नावाचे भाषांतर वाटते तितके सोपे नसते. स्पायडरमॅनला इटलीत 'लुओमो रान्यो' आणि मेक्सिकोत 'एल ओंब्रे अरान्या' म्हटले गेले. दोन्हींचा अर्थ कोळी-माणूस. आपल्या भाषेत तसे करायला गेलो तर? 'कोळी माणूस' म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवर चढणारा नायक न येता होडी घेऊन समुद्रात जाणारा कष्टकरी बांधव येईल! प्रत्येक भाषेची अशी आपापली अडचण असते आणि ती अडचण कुणी कशी सोडवली हे या जुन्या अंकांत पानोपानी सापडते.

अरबी अंकांची तर आणखी एक गंमत. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात. मग चित्रांचा क्रमही तसाच हवा. म्हणून पानेच्या पाने आरशात पाहिल्यासारखी उलटी करून छापली गेली. त्यामुळे मूळ पुस्तकात उजव्या हाताने ठोसा मारणारा नायक अरबी पुस्तकात डाव्या हाताने मारतो.

कात्री कुणाच्या हातात?

पण सगळाच प्रकार गमतीचा नाही. या पुस्तकांवर सत्तेची आणि वडीलधाऱ्यांची करडी नजर होती. मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीने १९३८ मध्ये अमेरिकन चित्रकथांवर बंदीचे हुकूम काढले. तरीही १९३९ साली सुपरमॅन इटलीत पोचला तो 'चिक्लोने' म्हणजे चक्रीवादळ असे नाव घेऊन.

युद्ध संपले, फॅसिझम गेला. पण कात्री गेली नाही. फ्रान्सने जुलै १९४९ मध्ये मुलांच्या प्रकाशनांवर देखरेख करणारा कायदा केला आणि त्यासाठी एक समिती नेमली. लिआँ शहरातील लुग या प्रकाशकाने १९६९ साली 'फँटास्क' नावाचे मासिक काढून त्यात अमेरिकन महानायकांच्या कथा द्यायला सुरुवात केली. समितीला त्या भयंकर वाटल्या आणि सात अंकांनंतर मासिक बंद करावे लागले. प्रकाशक मात्र खचला नाही. जानेवारी १९७० मध्ये त्याने 'स्ट्रेंज' हे दुसरे मासिक सुरू केले. यावेळी समितीचा रोष ओढवू नये म्हणून चित्रांतील भडकपणा, मारामारीचे आवाज दाखवणारी मोठाली अक्षरे, अक्राळविक्राळ चेहरे पुसून सौम्य केले जात. 'स्ट्रेंज' १९९८ पर्यंत चालले. आज संग्राहक अमेरिकन पान आणि फ्रेंच पान शेजारी शेजारी ठेवतात आणि कुठे काय पुसले ते शोधतात. 'फँटास्क'चे ते सात अंक फ्रेंच संग्राहकांना जिवापाड प्रिय आहेत.

स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही होती. तिथे व्हेर्तिसे या प्रकाशकाने १९६९ पासून मार्व्हल कंपनीचे नायक आणले तेव्हा लहान आकाराच्या जाडजूड पुस्तकांवर 'प्रौढांसाठी' असे छापले. मुलांच्या पुस्तकांवरचे कडक नियम त्यामुळे टाळता आले. आणि मोठे अमेरिकन पान छोट्या पुस्तकात बसत नाही म्हणून चित्रांच्या चौकटी कापून, सरकवून, रंग काढून काळ्या-पांढऱ्यात नव्याने मांडल्या. मूळ चित्रकाराने पाहिले असते तर कपाळाला हात लावला असता. पण एका पिढीच्या स्पॅनिश मुलांसाठी स्पायडरमॅन होता तो हाच.

खुद्द अमेरिकेतही वेगळे काय होते? १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी शाळकरी मुलांकडूनच कॉमिक्स गोळा करवून त्यांची होळी केली गेली. अशा होळ्या अमेरिकेत इतर गावीही पेटल्या. १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. ज्या कागदाला तेव्हा कचरा म्हटले, त्याच कागदाला आज काचेच्या पेटीत ठेवतात! कोणते वाचन टाकाऊ आणि कोणते जपण्याजोगे, हे ठरवणाऱ्यांचा निकाल कायमचा नसतो, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

मेक्सिकोत ती जगली

काही देशांनी नावे बदलली, काहींनी चित्रे पुसली. मेक्सिकोत मात्र गोष्टच बदलली. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी अमेरिकन कथेत १९७३ साली मरण पावली. तो अंक वाचून अमेरिकेतील वाचक हळहळले, चिडले. मेक्सिकोत 'ला प्रेन्सा' या प्रकाशकाकडे स्पायडरमॅन छापण्याचा परवाना होता. तिथे अंक इतक्या भराभर निघत की अमेरिकेतून येणाऱ्या कथा पुरत नसत. म्हणून सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपल्याच चित्रकाराकडून, होसे लुईस गोन्सालेस दुरान यांच्याकडून, नव्या कथा काढून घेतल्या. त्या कथांत ग्वेन हिंडते फिरते आहे. एवढेच नव्हे, एका अंकाच्या मुखपृष्ठावर तिचे आणि पीटर पार्करचे लग्न लागताना दाखवले आहे.

हे अंक कित्येक वर्षे मेक्सिकोबाहेर कुणाच्या खिजगणतीत नव्हते. स्वस्त कागद, आठवड्याचा माल, वाचला की टाकला. आज अमेरिकेतले संग्राहक त्यांच्यासाठी धडपडतात. कारण स्पष्ट आहे. हा नुसता अनुवाद नव्हे. ज्यांना 'वाचक' एवढेच समजले जात होते, त्यांनी गोष्ट सांगण्याचा हक्क थोडा वेळ आपल्या हाती घेतला, त्याचा हा दस्तऐवज आहे.

जपानी बॅटमॅन आणि निर्मात्याचे नाव

संग्राहकांच्या कष्टाचे चीज कसे होते याचे उत्तम उदाहरण जपानचे. १९६६ साली अमेरिकेत बॅटमॅनची दूरचित्रवाणी मालिका गाजली आणि तिची लाट जपानला पोचली. तिथल्या एका प्रकाशकाने जिरो कुवाता या नामांकित चित्रकाराकडून जपानी मुलांसाठी बॅटमॅनच्या नव्या कथा काढून घेतल्या. १९६६-६७ या काळात त्या मुलांच्या नियतकालिकांतून आल्या. लाट ओसरली आणि सगळे विसरले. चाळीस वर्षे या कथा जुन्या, पिवळ्या पडलेल्या अंकांत झोपून राहिल्या.

अमेरिकेतल्या एका संग्राहकाने हे जपानी अंक चिकाटीने एकेक करून जमवले होते. त्यांच्याच आधारे २००८ साली ग्रंथसजावटकार चिप किड यांनी 'बॅट-मांगा' नावाचे देखणे पुस्तक काढले आणि कुवातांचा बॅटमॅन जगापुढे आला. पुढे या सगळ्या कथा मूळ बॅटमॅन कंपनीने तीन खंडांत इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. संग्राहकाने ते अंक जपले नसते तर हे एवढ्या सहजी घडले नसते.

पण याच पुस्तकावर एक रास्त टीकाही झाली. मुखपृष्ठावर सजावटकाराचे, छायाचित्रकाराचे आणि संग्राहकाचे नाव होते. ज्याने रात्रंदिवस बसून ती चित्रे काढली त्या कुवातांचे नव्हते! आत त्यांचा उल्लेख आणि मुलाखत असली तरी दर्शनी भागी नाव नाही ही गोष्ट अनेकांना खटकली आणि त्यांनी ती बोलून दाखवली. सीगल आणि शूस्टर यांची कथा इथे पुन्हा आठवते. संग्राहक ठेवा वाचवतो हे खरे. पण तो निर्माता नव्हे. ज्याचे श्रम त्याचे नाव, हा नियम छंदातही पाळायला हवा.

आपला वेताळ कुठे गेला?

आता कुणी म्हणेल, हे सगळे दूरदेशीचे झाले. आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो अनेकांच्या घरातल्या माळ्यावरच असू शकेल. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांना 'इंद्रजाल कॉमिक्स' आठवत असेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ही माला सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. तिचा मुख्य नायक होता फँटम. हा अंगाला घट्ट पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा घालणारा नायक अमेरिकन लेखक ली फॉक यांनी फेब्रुवारी १९३६ मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी निर्माण केला. इंद्रजाल इंग्रजी-हिंदीप्रमाणेच मराठीतही निघे आणि मराठी मुलांसाठी फँटम झाला 'वेताळ'. बंगाली वाचकांनी त्यालाच 'अरण्यदेव' म्हणून ओळखले. गावकुसाबाहेरचा भुतांचा राजा वेताळ आपल्या भाषेत आधीपासून होताच. अनुवादकाने नेमके तेच नाव उचलले आणि परका नायक एका शब्दात घरचा झाला.

इथेही कात्री चाललीच. मूळ कथेतील समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव होते 'सिंग'. भारतात ते चालणार नव्हते. म्हणून इंद्रजालमध्ये त्यांना 'सिंगा' केले. मूळ कथेतला प्रदेश आधी बंगालसारख्या नावाचा होता. तो आपल्याकडे 'डेंकाली' झाला. फँटमच्या बापाच्या मारेकऱ्याचे नाव मुळात 'रामा'. ते 'रामालू' करण्यात आले. आपल्या मुलांच्या हाती काय पडावे याची काळजी कुणीतरी घेतली होती, हे या तीन बदलांवरून कळते.

संग्रह करणे म्हणजे पूजा करणे नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. वेताळाची कथा आज मोठेपणी वाचली तर मनात प्रश्न उठतात. जंगलातील माणसांचे रक्षण करायला गोऱ्या घराण्यातलाच पुरुष का लागतो? एकवीस पिढ्या बापाकडून मुलाकडे चालत आलेली ती सत्ता तिथल्या लोकांनी मुकाट्याने का मानायची? त्यांच्यातला एखादा शहाणा, शूर माणूस त्या आसनावर का बसत नाही? लहानपणी हे सुचले नव्हते. पुस्तक जपले असेल तरच ते पुन्हा उघडून असे प्रश्न विचारता येतात. फाडून टाकलेल्या पुस्तकाला जाब विचारता येत नाही. ते पुस्तक घरातल्या मुलांसमवेत वाचावे, त्यांनाही हे प्रश्न विचारावेत. चर्चा छान रंगते.

इंग्रजी इंद्रजालचे संग्राहक भारतात बरेच आहेत. मराठी अंक मात्र हातोहात, घरोघर फिरून जीर्ण झाले आणि रद्दीत गेले. पुस्तक जितके जास्त वाचले गेले तितके ते कमी उरले, असा हा उलटा न्याय आहे. आणि मुलांच्या अशा पुस्तकांवर अनुवादकाचे नाव छापण्याची रीत बहुतेक ठिकाणी नव्हती. 'वेताळ' हा शब्द ज्याला किंवा जिला सुचला, त्या व्यक्तीचे नाव आज किती जणांना सांगता येईल? इटलीत 'नेंबो किड', मेक्सिकोत 'ग्वासोन' सुचवणाऱ्यांच्या बाबतीतही वाचकाची स्थिती तीच आहे. नायकाला नाव देणारा स्वतः बिननावाचा राहिला.

छंद करायचा तर असा

ज्यांना हा छंद करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, फार पैसा लागतो हा गैरसमज काढून टाकावा. लाखो डॉलरची भाषा अमेरिकेतील पहिल्यावहिल्या अंकांची आहे. परभाषेतले जुने अंक पुष्कळदा त्यांहून दुर्मिळ असूनही स्वस्त असतात. टोकियोच्या जिंबोचो भागातील जुनी पुस्तकांची दुकाने, कैरोचा अजबकिया पुस्तकबाजार, मेक्सिको शहरातला ला लागुनिया हा रविवारचा बाजार ही जुनी पुस्तके धुंडाळण्याची प्रसिद्ध ठिकाणे. आपला कुणी नातेवाईक कामानिमित्त आखाती देशांत किंवा युरोपात असेल तर त्याला सांगून ठेवावे. आपल्या गावातल्या रद्दीवाल्याशीही स्नेह ठेवावा. तो ठेव्याचा पहिला राखणदार असतो.

दुसरी गोष्ट, अंक हाती येताच आतल्या पानावरची बारीक छपाई वाचावी. प्रकाशक, गाव, वर्ष, अंक क्रमांक, किंमत ही माहिती बहुधा तिथे असते. भाषा येत नसली तरी आकडे आणि गावाचे नाव ओळखता येते. जुन्या अंकांची हुबेहूब नवी पुनर्मुद्रणेही निघतात, म्हणून कागदाचा रंग, टाचण्यांवरचा गंज आणि छापलेली किंमत पाहूनच पैसे मोजावेत. १९९४ पासून स्वयंसेवकांनी चालवलेला 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' संगणकावर पाहता येतो. परभाषेतल्या एखाद्या अंकात कोणती मूळ कथा आहे हे शोधायला त्याची फार मदत होते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तर कॉमिक्सचा जगातील एक फार मोठा संग्रह उभारला आहे. विद्यापीठाला ज्याची लाज वाटत नाही त्याची आपण का वाटून घ्यावी?

तिसरी गोष्ट जपणुकीची. ही पुस्तके हलक्या कागदावर छापलेली असतात. कागदातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, मग तुटू लागतो. ऊन आणि दमट हवा हे त्याचे दोन वैरी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कडा कापून बांधणीही करू नये, कारण कडेबरोबर अक्षरे आणि चित्रेही जातात. चांगल्या प्रतीच्या पॉलिएस्टर पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा लावून अंक उभे ठेवावेत. ते न जमल्यास स्वच्छ, कोरड्या पेटीत ठेवावेत, पेटी जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर असावी आणि पावसाळा संपताच ती उघडून कसर, वाळवी लागली नाही ना ते पाहावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तिला पैसा लागत नाही. एक वही घालावी. प्रत्येक अंकाची नोंद करावी : भाषा, प्रकाशक, गाव, वर्ष, नायकाचे तिथले नाव, कुठून मिळाला, कितीला मिळाला. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावे छापलेली असोत वा नसोत, शोधून लिहावीत; न सापडल्यास जागा मोकळी सोडावी. कधी ना कधी ती भरली जाईल. आणि मुखपृष्ठावर एखाद्या मुलाने पेनने आपले नाव, इयत्ता लिहिली असेल, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का असेल, तर तो डाग समजून खोडू नये. बाजारात त्यामुळे किंमत कमी होत असेल. पण ते पुस्तक कुणीतरी मनापासून वाचले होते याचा तोच एकमेव पुरावा असतो.

वाचकहो, या सुटीत माळ्यावरची ट्रंक खाली काढा. भांड्यांच्या आणि जुन्या वह्यांच्या खाली एखादा मुखवटाधारी वेताळ निघाला तर लगेच रद्दीवाल्याला हाक मारू नका. धूळ झटका, पान उलटा, घरातल्या मुलाला शेजारी बसवा. आई-वडिलांना विचारा की हे पुस्तक कुणी आणले होते, कितीला आणले होते, आधी कुणी वाचायचे यावरून भांडण झाले होते का. ते जे सांगतील ते त्याच वहीत लिहून ठेवा, त्यांच्या नावासकट.